कमी वॅट, मोठी पेटी

दुकानातल्या म्युझिक सिस्टीमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५००० वॅट पीएमपीओ’ छापलेले असते. त्याच खोक्याच्या मागे, डोळे बारीक करून वाचावे अशा अक्षरांत, विजेचा खप ४० वॅट लिहिलेला सापडतो. भिंतीतून ४० वॅट घेणारे यंत्र हजारो वॅटचा आवाज देऊ शकत नाही, हे सातवीतल्या पोरालाही पटेल. पीएमपीओ हा आकडा कोणत्याही मान्य मोजमापावर उभा नाही. ज्या कंपनीला जसा सोयीचा वाटला, तसा तिने तो छापला. तरीही हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ अशा कोणत्याही गावच्या दुकानात गिऱ्हाईक शिरले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “किती वॅटचं दाखवू, भाऊ?”

पुढची पाने वेगळा प्रश्न विचारायला शिकवतात. एका वॅटमध्ये हा स्पीकर किती मोठ्याने बोलतो?

या प्रश्नाचे उत्तर चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकावर असते आणि बहुतेक जण ते न वाचता पुढे जातात. एक वॅट वीज देऊन एक मीटर अंतरावर आवाज किती डेसिबल भरतो, ती त्या स्पीकरची संवेदनक्षमता. टेबलावर मावणाऱ्या छोट्या, जड कोनाच्या स्पीकरची ती ८४ च्या आसपास असते. हलक्या कागदी कोनाच्या, मोठ्या मॅग्नेटच्या १२ इंची स्पीकरची ९७ भरू शकते. फरक तेरा डेसिबलचा. कानाला एवढासा वाटणारा हा आकडा खिशाला फार मोठा आहे, कारण दर तीन डेसिबलला वीज दुप्पट लागते आणि दर दहाला दहापट. १०४ डेसिबलपर्यंत पोचायचे असेल तर ८४ वाल्या स्पीकरला १०० वॅट द्यावे लागतात आणि ९७ वाल्याला पाच वॅट पुरतात. पाच वॅटचा ॲम्प्लिफायर दोन-तीनशे रुपयांच्या बोर्डातून निघतो. शंभर खऱ्या वॅटचा घ्यायचा तर जाड ट्रान्सफॉर्मर, मोठा हीटसिंक आणि पंखा लागतो, शिवाय ते सगळे जपणारा माणूस.

उरलेली वीज जाते कुठे, हेही एकदा नीट पाहायला हवे. ९२ डेसिबलचा स्पीकर विजेचा सुमारे एक टक्का भाग आवाजात बदलतो. बाकी ९९ टक्के कॉइलमध्ये उष्णता होऊन जातात. ८२ डेसिबलच्या स्पीकरमध्ये हे प्रमाण हजारात एक इतके खाली येते. कॉइल तापली की तांब्याचा रोध अंशागणिक सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांवरची कॉइल २०० अंशांवर पोचली की तिचा रोध सत्तर टक्क्यांनी वाढलेला असतो, आणि मग बटण कितीही फिरवले तरी आवाज वाढत नाही, कॉइल मात्र जळते. लग्नसराईत मे महिन्यात, मंडपातली हवाच चाळिशीच्या वर असताना, रिपेअरिंगच्या दुकानांत जळक्या कॉइलींचा ढीग लागतो त्याचे कारण हेच आहे. कमी संवेदनक्षमतेच्या स्पीकरकडून मोठा आवाज ओढून काढायचा प्रयत्न झालेला असतो.

हा विषय हिंगोलीसारख्या जिल्ह्यात इतक्या अगत्याने मांडण्याला कारणे आहेत. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हळद, सोयाबीन आणि कापसाचा. आवाजाची हौस इथे घरोघर आहे आणि तिला इतिहासही मोठा आहे. नर्सी ही संत नामदेवांची जन्मभूमी मानली जाते. सप्ताह, काकडा, हरिपाठ, भारूड यांना इथे माणसे अजून रात्री जागवतात. हिंगोलीच्या दसरा महोत्सवाची परंपरा दीडशेहून अधिक वर्षांची आहे. जयंतीच्या मिरवणुका आहेत, तांड्यांवरची गाणी आहेत, प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटी जपून ठेवलेली कपाटे आहेत. पैसा मात्र मोजकाच, आणि विजेचा भरवसा त्याहून कमी. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने दिवसातले अनेक तास भारनियमनात काढली. ज्याच्याकडे पाच वॅटमध्ये घर भरून टाकणारा स्पीकर होता, त्याचे भजन बॅटरीवर चालले. शंभर वॅटवाल्याचे बंद पडले.

कमी विजेवर मोठा आवाज ही कल्पना नवी नाही. उलट स्पीकरची सुरुवातच तिथून झाली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये आजच्या कोनाच्या स्पीकरची घडण मांडली, तेव्हा ॲम्प्लिफायरचे वॅट हातच्या बोटांवर मोजण्याइतके असत. बोलपट आला तेव्हा हजार खुर्च्यांचे थिएटर आजच्या मोटारीतल्या टेपइतक्या विजेवर वाजत असे. पडद्यामागे प्रचंड कर्णे असत, म्हणून ते जमे. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू टॉकीजनेही पुढे हेच केले. जनरेटर लहान, तंबू मोठा, पण कर्णा जोरकस.

याहून जवळचे उदाहरण १९५६ चे आहे. आकाशवाणी आणि युनेस्को यांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी भाषक जिल्ह्यांत शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. सुमारे १५० गावांत, आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, अर्ध्या-अर्ध्या तासाचे कार्यक्रम. गावकऱ्यांनी एका रेडिओभोवती बसून ते ऐकायचे, मग चर्चा करायची, प्रश्न पाठवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला आणि तो जगभर वाचला गेला. हिंगोली त्या वेळी हैदराबाद राज्यात होती, त्यामुळे ती या प्रयोगाबाहेर राहिली. संप्रेषणाचा धडा म्हणून त्या प्रयोगावर पुष्कळ लिहिले गेले. आवाजाच्या बाजूने त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. एका सेटभोवती मंडळच्या मंडळ बसून ऐकते, म्हणजे त्या सेटने कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यापर्यंत शब्द पोचवायला हवा. त्या काळच्या बॅटरीवरच्या व्हॉल्व्ह रेडिओंची शेवटची नळी पाव वॅटच्या आसपास शक्ती देत असे. डीएल ९६ नावाची नळी तर जेमतेम ०.२ वॅट देई. एवढ्यावर भागे, कारण स्पीकरचा कोन पातळ कागदाचा, कॉइल हलकी आणि लाकडी पेटी ऐसपैस असे. ज्यांच्या घरी आजोबांचा लाकडी रेडिओ अजून आहे, त्यांनी त्याच्या मागचा पुठ्ठा काढून आतला कोन बोटाने हलकेच दाबून पाहावा. तो किती सहज हलतो, ते हाताला कळते.

मग हे सगळे गेले कुठे? ट्रान्झिस्टर आला आणि वॅट स्वस्त झाले. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी बंद पेटीतला एआर-१ हा स्पीकर बाजारात आणला. पेटी लहान, खर्ज खोल, पण विजेची भूक मोठी. शहरातल्या लहान खोल्यांना तो सौदा परवडला आणि जगाने तीच वाट धरली. पेटी लहान होत गेली, कोन जड होत गेले, वॅट वाढत गेले. विल्चर यांच्या कामाचे मोल कमी नाही. न्यूयॉर्कच्या फ्लॅटसाठी ते उत्तर बरोबरच होते. सेनगाव तालुक्यातल्या वाड्यासाठी ते बरोबर असायचे काही कारण नाही.

याच ठिकाणी या विषयाचा कणा आहे. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे अँटन हॉफमन. त्यांनी मांडलेला नियम स्पीकर बनवणारे लोक लोहनियम म्हणून ओळखतात. खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडावीच लागते. आकड्यांत सांगायचे तर संवेदनक्षमता तेवढीच ठेवून खर्ज एक सप्तक खाली न्यायचा झाला, तर पेटी आठपट मोठी करावी लागते. खर्ज तेवढाच ठेवून पेटी दुप्पट केली आणि तिला साजेसा स्पीकर बसवला, तर तीन डेसिबल हातात येतात. म्हणजे ॲम्प्लिफायर दुप्पट केल्याइतका लाभ, फक्त लाकडाच्या खर्चात.

खेडेगावात जागा आहे. सुतार आहे. जुन्या दारांच्या फळ्या आहेत. मुंबईतल्या माणसाला चौरस फुटाच्या भावाने मोजावी लागणारी जागा इथे ओसरीत मोकळी पडलेली असते. लोहनियमातल्या तीन गोष्टींपैकी जी शहराला सोडवत नाही, ती लहान पेटी, गावाने बिनदिक्कत सोडून द्यावी. खर्जाची हावही थोडी आवरावी. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. कीर्तन, पोवाडा, भीमगीत, गझल, जुनी चित्रपटगीते यांना ५५-६० हर्ट्झपर्यंत उतरणारी पेटी व्यवस्थित न्याय देते. ३० हर्ट्झचा हट्ट धरला तर आठपट पेटी किंवा जास्तीचे वॅट मोजावे लागतात, आणि ते ज्या आवाजासाठी मोजायचे तो या गाण्यांत मुळी नसतोच.

आता एक पेटी प्रत्यक्ष पाहू. आतले माप ३० सेंटिमीटर रुंद, ४० खोल, ५० उंच. ३०, ४०, ५० यांचा गुणाकार ६०,००० घनसेंटिमीटर, म्हणजे ६० लिटर. १८ मिलिमीटर जाडीचा, आठ बाय चार फुटांचा एकच प्लायवूड आणला तर त्यात अशा दोन पेट्या निघतात आणि आतल्या आधारपट्ट्यांपुरता तुकडाही उरतो. समोरच्या फळीला स्पीकरचे भोक आणि त्याच्या खाली हवेच्या नळीचे. ती नळी म्हणजे शेतीच्या दुकानात मिळणारा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप. विहिरीपासून पाटापर्यंत पाणी नेणारा हाच पाइप या पेटीतला खर्ज बाहेर काढतो. पेटी ५० हर्ट्झला लावायची असेल तर त्याची लांबी गणिताने साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास येते. पाइप आधी बारा सेंटिमीटर कापावा आणि ऐकत-मोजत थोडा थोडा कमी करावा. तोकडा कापलेला पाइप वाढवता येत नाही.

आतून बाजूच्या आणि मागच्या फळीला गादीतला जुना कापूस पातळ थराने लावला तर मधल्या पट्टीतला घुमारा कमी होतो. नळीच्या तोंडाशी मात्र कापूस येऊ द्यायचा नाही. सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्हींनी बांधायचे. हात लावून पाहावा: मोठ्या आवाजात फळी थरथरत असेल तर तेवढा आवाज लाकूड खात असते, आणि मधोमध एक आडवी पट्टी ठोकली की तो परत मिळतो. सुताराला हे सगळे समजावताना एक अडचण हमखास येते. कपाटाच्या दाराला दोन मिलिमीटरची फट चालते, पेटीला चालत नाही. फटीतून हवा फुसफुसते आणि खर्ज तिथेच मरतो. म्हणून आतून प्रत्येक सांध्यावर एम-सील किंवा फेव्हिकॉल-भुशाचा लेप द्यायला सांगावे, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत द्यायला लावावा.

अशा पेटीचा हिशेब पूर्वी अंदाजाने होत असे. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात एक निबंध प्रसिद्ध केला. स्पीकरचे काही मोजके गुण माहीत असले तर पेटी आणि नळी किती हवी हे आधीच काढता येते, असे त्यात दाखवले होते. जगाचे त्याकडे लक्ष जायला दहा वर्षे लागली. सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी त्या कामाला पूर्णत्व दिले. आज तीच गणिते विन-आयएसडीसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये बसवलेली आहेत. कॉम्प्युटर असलेला कोणताही आयटीआयचा विद्यार्थी ती संध्याकाळभरात शिकू शकतो. अडचण असते ती बिनमाहितीच्या स्पीकरची. नांदेडच्या दुकानातून, हैदराबादच्या कोठी भागातल्या गुजराती गल्लीतून किंवा भंगारातून आणलेल्या स्पीकरबरोबर कागद येत नाही. त्यावर उपाय आहे. मोबाइलमधून सूर काढायचा, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये एक किलोओहमचा रोध घालायचा आणि स्पीकरच्या टोकांवरचा व्होल्टेज मल्टिमीटरवर पाहत सूर वर-खाली करायचा. जिथे काटा सर्वांत वर जातो, तो त्या कोनाचा स्वतःचा सूर. मग कोनाच्या मध्याशी मुलांच्या खेळातल्या चिकणमातीने दहा रुपयांचे एक नाणे चिकटवायचे आणि पुन्हा मोजायचे. नाणे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असते, मातीचे वजन त्यात मिळवायचे. सूर किती खाली उतरला त्यावरून कोन किती जड आहे ते निघते, आणि पुढचे गणित तिथून सुरू होते. हे सगळे करायला मल्टिमीटर सोडून नवे काही विकत आणावे लागत नाही.

गावात यापेक्षा जुनी एक युक्ती आहे, ती माठाची. टेपच्या जमान्यापासून घरोघरी, शेतातल्या आखाड्यावर, ट्रॅक्टरच्या शेजारी मातीच्या माठात स्पीकर ठेवलेला दिसतो, आणि ‘बेस’ वाढतो म्हणून सगळे खुश असतात. शिकलेली माणसे त्याला हसतात. हसू नये. स्पीकरचा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती ओढतो. मोकळ्या स्पीकरमध्ये खालच्या सुरांत पुढची आणि मागची हवा एकमेकींना मारून टाकतात. माठ मागची हवा अडवून धरतो, आणि हरवलेला खर्ज परत येतो. आरसीए कंपनीतल्या हॅरी ऑल्सन यांनी १९५० च्या सुमारास निरनिराळ्या आकारांच्या पेट्या तपासल्या होत्या. कोपरे नसलेला गोल सर्वांत सरळ आवाज देतो आणि घन बराच वाकडातिकडा, असे त्यांना आढळले. कुंभाराच्या चाकावरून गोल येतो, भाजलेली माती प्लायवूडपेक्षा कमी थरथरते, आणि किंमत काही शे रुपये. पेटी म्हणून माठ उत्तम आहे.

चूक होते ती स्पीकर माठात नुसता सोडून देण्यात. वीस लिटरचा माठ आणि पंधरा सेंटिमीटरचे तोंड धरले, तर आतली हवा साधारण १४० हर्ट्झला घुमते. गाण्यात तो सूर आला की माठ उसळतो, बाकीच्या वेळी शब्द दबतात. म्हणून सहा इंची स्पीकर माठाच्या तोंडावर, कोन बाहेर करून, प्लायच्या गोल चकतीवर घट्ट बसवायचा, कडेने एम-सील भरायचे आणि आत सैलसर कापूस घालायचा. तोंडातून तार काढली की ती जागाही बुजवायची. मग तो घुमणारा माठ राहत नाही, बंद पेटी होते. दोन-चार गावांतल्या पोरांनी एवढे करून पाहिले तरी या पानांचा मोठा भाग सार्थकी लागेल.

कर्ण्याबद्दल थोडेच. मंदिरावर, मशिदीवर, सप्ताहाच्या मंडपावर जो पत्र्याचा भोंगा असतो, तो संवेदनक्षमतेत सगळ्यांचा बाप आहे. १०५ डेसिबलच्या पुढे सहज जातो. उघड्या कोनाला हवेचा भार फारसा जाणवत नाही, कारण हवा फार हलकी; कर्णा तो भार वाढवतो. हाताने वारा घालण्यात आणि सुपाने वारा घालण्यात जो फरक, तोच उघड्या कोनात आणि कर्ण्यात. शब्द लांबवर पोचवायला तो अजोड आहे. दिल्लीच्या अहुजा कंपनीची युनिटे म्हणूनच गावोगाव वर्षानुवर्षे टिकून आहेत. पण खर्जासाठी कर्णा करायचा तर तो खोलीएवढा होतो. त्यातून वाट काढली पॉल क्लिप्श यांनी. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या होप या लहानशा गावात, १९४६ पासून, त्यांनी खोलीच्या कोपऱ्यालाच कर्ण्याचा शेवटचा भाग मानणारा स्पीकर बनवला. तो आजही बनतो. घरी तसा कर्णा बांधणे अवघड आहे आणि नवशिक्याने त्याच्या नादी लागू नये. कोपऱ्याचा धडा मात्र फुकट घ्यावा. अंगणाच्या मधोमध टेबलावर ठेवलेली पेटी उचलून भिंतीला टेकवली, त्याहून कोपऱ्यात सरकवली, की खालचे सूर ॲम्प्लिफायरला हात न लावता वाढतात.

ॲम्प्लिफायरचा विचार शेवटी करायचा, आणि बहुतेक जण तो पहिल्यांदा करतात. गावातल्या मेकॅनिकच्या खणात ४४४० चे बोर्ड असतेच. सान्यो कंपनीची ही एलए ४४४० आयसी मोटारीतल्या टेपसाठी बनली. १३ व्होल्टवर ती स्टिरिओत सहा-सहा वॅट आणि ब्रिजमध्ये जोडली तर १९ वॅट देते. तिला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि नवीन डी-क्लास बोर्ड तिच्यापेक्षा कमी तापतात हे खरेच. पण ९५ डेसिबलच्या पुढचा स्पीकर आणि ६० लिटरची पेटी असेल, तर सहा वॅटमध्ये ओसरीतल्या तीस माणसांना हरिपाठ ऐकू जातो. तिला १२ व्होल्ट पुरतात, हा हिंगोलीतला मोठा गुण. बॅटरीवरच्या फवारणी पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी असते. गाण्याची सरासरी वीज त्याच्या कमाल विजेच्या मानाने फार थोडी, साधारण दहावा हिस्सा. सरासरी अर्धा अँपिअर ओढणारी जोडणी अर्धीच बॅटरी वापरून आठ तास चालते. दिवसा तूर फवारलेली बॅटरी रात्री भजनाला कामी येते आणि सकाळी पुन्हा चार्जिंगला लागते.

ट्रेबलसाठी फार पैसे घालू नयेत. वूफरपेक्षा ट्विटरची संवेदनक्षमता कमी नसावी, एवढे बघावे. ८ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर जोडला की ४२०० हर्ट्झच्या खालचे सूर त्याच्याकडे कमी होत जातात आणि तो जळण्यापासून वाचतो. पिझो ट्विटरला तेही लागत नाही, पण त्याचा आवाज टोचतो. टाळ-चिपळ्यांच्या भजनात ते टोचणे फार जाणवते.

जुन्या स्पीकरच्या दुरुस्तीला पुढे मोठी जागा दिली आहे आणि ती द्यायलाच हवी, कारण कमी खर्चात संवेदनक्षमता मिळवण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. जुने मॅग्नेट आणि जाळी शाबूत असेल तर नवा कोन आणि कॉइल टाकून स्पीकर पुन्हा उभा राहतो. रिकोनिंग करणारे कारागीर कॉइल आणि मधला खांब यांच्यामध्ये एक्स-रे फिल्मच्या बारीक पट्ट्या खोचतात, कॉइल मधोमध बसवतात, गोंद वाळला की पट्ट्या ओढून काढतात. त्या फटीत केसाइतके अंतर असते. कॉइल एका बाजूला कलली तर खरखर करते. अंतर जास्त ठेवले तर संवेदनक्षमता पडते. ‘जाड तारेची कॉइल टाक, जास्त वॅट झेपतील’ असे सांगणारे गिऱ्हाईक स्वतःच्याच स्पीकरचा आवाज कमी करून घेत असते. कॉइल जड झाली की तोच मॅग्नेट तिला कमी जोराने हलवतो. मूळ कॉइलच्याच वजनाची आणि तेवढ्याच ओहमची कॉइल मागावी.

मोठ्या आवाजाची विद्या शिकवताना कानांबद्दल गप्प बसणे बेजबाबदारपणाचे होईल. ८५ डेसिबल आठ तास, ८८ चार तास, ९१ दोन तास. कामाच्या जागी कान जपण्याचे प्रचलित माप असे उतरत जाते, आणि १०० डेसिबलला ते पंधरा मिनिटांवर येते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात ही बंदी ठामपणे उचलून धरली. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या डीजेने छातीत धडधड भरते, बाळे दचकून रडतात, म्हाताऱ्यांना घरात बसवत नाही. या पानांतला स्पीकर त्या वाटेचा नाही. संवेदनक्षम स्पीकरचा खरा फायदा हळू आवाजात कळतो: बटण अगदी खाली असतानाही शब्द स्वच्छ ऐकू येतात, कारण हलका कोन लहानशा सुरालाही लगेच हलतो, आणि मोठ्या आवाजात तो फाटत नाही, कारण त्याच्याकडे ताकद शिल्लक असते. फाटलेला आवाज माणसाला मोठा वाटतो आणि त्रासही देतो. स्वच्छ आवाज त्याच डेसिबलला सुखाचा लागतो.

पहिले प्रकरण सुताराकडे द्यायच्या मापांच्या कागदाने सुरू होते. दुसऱ्यात स्पीकर निवडण्याची आणि मोजण्याची रीत आहे, तिसऱ्यात जोडणी. त्यातली एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी, कारण पहिल्या दिवशी तिच्यावाचून सगळे अडते. दोन पेट्या तयार झाल्या की जोडणीआधी दीड व्होल्टचा सेल घ्यावा आणि त्याची टोके स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवावीत. कोन पुढे सरकला तर सेलची अधिक बाजू जिथे आहे ते स्पीकरचे अधिक टोक. तिथे लाल पेनाने खूण करावी. मागे सरकला तर उलट. दोन्ही पेट्यांवर अशी खूण करून तारा सारख्याच जोडाव्यात. एक पेटी उलटी जोडली गेली तर दोघींचा खर्ज एकमेकींना मारतो, आणि माणूस पेटी, नळी, लाकूड सगळ्याला दोष देत बसतो.